यातली माझी ओळ कुठली?

आमच्या इताउग्वा गावात एखादी बाई विणकामाच्या चौकटीवरून उठून चुलीकडे गेली, की तिची चौकट मोकळी राहत नाही. येणारी-जाणारी कुणीही टेकते, सुई उचलते, चार टाके घालते, दोन गप्पा हाणते आणि चालू लागते. विचारायची पद्धत नाही. न्यांदुतीचं काम असंच चालतं. न्यांदुती म्हणजे कोळ्याचं जाळं. लाकडी चौकटीत कापड ताणायचं, त्यावर चाकाच्या आऱ्यांसारखे धागे भरायचे, त्या धाग्यांतून सुईनं पेरूची फुलं, वारुळं, जाईच्या कळ्या विणायच्या, आणि शेवटी धुऊन, कसाव्याच्या कंदाची खळ देऊन खालचं कापड कापून टाकायचं. उरतं ते नुसतं जाळं. मोठ्या टेबलक्लॉथला पाच-सहा बायका लागतात, आणि त्यात एकीचा हात कुठं संपला नि दुसरीचा कुठं सुरू झाला हे ओळखू आलं, तर सगळ्या गल्लीची नाचक्की. ‘एकाच हाताचं दिसलं पाहिजे,’ हे आमच्याकडे पोरींना सुई धरायच्या आधी शिकवतात.

मला ते कधी जमलं नाही. माझी ओळ रस्त्यापलीकडूनही ओळखू यायची. म्हणून मी झाडपाला विकते. कोपऱ्यावर खलबत्ता घेऊन बसते आणि लोकांना थंड पाण्यात घालायला मुळ्या नि पुदिना कुटून देते. जाळीवाल्या बायकांच्या चौकटीकडे माझा हात गेला, की त्या म्हणतात, “लिंदा, तू आपली बातम्या सांग.” बातम्या मात्र मी सांगते. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते मला कुणी का सांगितलं नाही, असं तुम्ही विचाराल.

सेर्व्हियाना आणि मी भिंतीला भिंत लावून राहतो. तिचा नवरा कधीच गेला, मुलगा ब्युनोस आयर्सला बांधकामावर. उंच, हाडकुळी बाई, बोलणं मोजकं आणि टोचणारं. पण पेरूचं फूल विणावं तर तिनं. तिच्या पाकळीचं टोक जरासं चपटं असायचं, बोटानं हलकेच दाबल्यासारखं. साऱ्या गावात ती पाकळी तिची म्हणून ओळखली जायची. तशीच्या तशी पाकळी आणखी एकीला जमायची, तिच्या धाकट्या बहिणीला, तोमासाला. तोमासा समोरच्याच घरात राहते, दोन सुनांना घेऊन. लहानपणी सेर्व्हियानानंच तिच्या बोटांवर बोटं ठेवून तिला शिकवलं होतं.

त्या सकाळी आम्ही तिघी अंगणात येरबाच्या पाल्याचा कडू चहा पीत होतो. तुंबडी एकच, नळी एकच, ओतणारी नेहमी सेर्व्हियाना. तिनं तुंबडी माझ्यापुढं धरली आणि ती मधेच सुटली. गरम पाणी माझ्या पायावर सांडलं.

“काय गं, डोळ्यांवरची झोप गेली नाही का?” मी ओरडले.

ती काहीतरी म्हणाली. ते शब्द नव्हते. तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती, आणि उजवा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

अर्धांगाचा झटका होता. इस्पितळातून ती चालत परत आली, बोलणंही बरंचसं सुधारलं. हात मात्र आला नाही. गल्लीनं आपलं निदान करून टाकलं. तोमासा येईल त्याला सांगायची, “आदल्या दिवशी इस्त्री केली आणि तसाच तापलेला हात गार पाण्यात घातला. मी म्हणत होते, ताई, नको.” आमच्याकडे बायकांना या गोष्टीची भीती पोटात असल्यापासून असते. मीही सतापाचं तेल घेऊन गेले आणि हात चोळून दिला. सेर्व्हियानानं चोळू दिला. मग म्हणाली, “आता निदान वास तरी छान येईल त्याला.”

आरोग्य केंद्रात हातापायाचे व्यायाम करून घेणारी मुलगी होती, नोएलिया. आसुन्स्योनहून बसनं यायची. चण लहान, आवाज फौजदाराचा. तिच्या खोलीत खुंट्या लावायची फळी, कपड्यांचे चिमटे, कसाव्याच्या पिठाचे गोळे, असला पोरखेळ मांडलेला. सेर्व्हियानाची बोटं थोडी उघडत होती, मनगट जरासं उचललं जात होतं. नोएलियाला त्याचंच फार वाटलं. “मावशी, एवढं असलं की आपण भांडू शकतो,” ती म्हणाली.

तिच्याकडं एक आरसा होता. तो टेबलावर उभा करायचा, उजवा हात त्याच्या मागं दडवायचा, डावा समोर. डाव्याची मूठ उघडायची नि मिटायची, आणि बघायचं आरशात. आरशात जो दिसतो तो उजवाच वाटतो, धडधाकट, हलणारा.

“आरसा खोटं बोलतो हे तुम्हाला ठाऊक आहे,” नोएलिया म्हणाली. “पण डोक्याला ते पटतं. मग ते त्या हाताची जुनी वाट शोधायला लागतं.”

“माझा नवराही असाच होता,” सेर्व्हियाना म्हणाली. “खोटं बोलायचा, मला ठाऊक असायचं, तरी बरं वाटायचं.”

दुसरा उपाय गल्लीला मुळीच पटला नाही. चांगल्या हातावर जाड मोजा चढवायचा, भट्टीतून चिपा, म्हणजे कसाव्याचे पाव, काढायला वापरतात तसला, आणि दिवसातला बराच वेळ तो उतरवायचा नाही. जे करायचं ते उजव्यानं. चमचा उजव्यानं, दाराची कडी उजव्यानं, नाक पुसायचं तेही उजव्यानं. “शहाण्या लेकराला कोंडून ठेवायचं नि लंगड्याला विहिरीवर धाडायचं,” असं सेर्व्हियाना त्याला म्हणायची. तोमासाला तो मोजा बघून रडू फुटलं. “एक हात देवानं नेला, दुसऱ्याला या पोरीनं बेडी घातली,” ती म्हणाली.

नोएलियानं ते ऐकलं आणि तिला समोर बसवलं. मी तिथंच होते. ती म्हणाली, “काकू, नीट ऐका. हे सुरुवातीचे महिने म्हणजे ओली माती. आता जो आकार येईल तो येईल, नंतर माती वाळते. तिचं वाकडं होऊ दे, सांडू दे, पडू दे. तिच्या वाट्याचं काम कुणी करायचं नाही. कळलं?”

“कळलं,” तोमासा म्हणाली. मान हलवली, डोळे पुसले. मला अजून ती मान दिसते.

मग नोएलियानं सेर्व्हियानाला विचारलं, “तुम्हाला या हातानं काय करायचंय?”

“सुई धरायचीय.”

दुसरी कुणी म्हणाली असती, जेवायचंय, वेणी घालायचीय. सेर्व्हियानाला हात परत हवा होता तो एवढ्याचसाठी. नोएलिया म्हणाली, मग एक वर्तुळ करा, तळहाताएवढं. जाडी सुई घ्या, तिच्या मागं बूच बसवा, म्हणजे बोटांना धरता येईल.

चौकट टेबलाला घट्ट बांधली. आरे तोमासानं भरून दिले, तेवढ्याला नोएलियाची परवानगी होती. त्यापुढचं उजव्या हाताचं. पहिल्या दुपारी मी शेजारी बसून बघत होते. डावा हात मोज्यात, कपाळावर घाम, ओठ दातांत. सुई दोन धाग्यांखालून जायच्याऐवजी चार धाग्यांखालून जाई, दोरा लोंबे, बूच सुटून टेबलाखाली गडगडे. मी वाकून उचलायला गेले तर खेकसली, “राहू दे. मला सांगितलंय ना वाकायला!” ओळ झाली ती कोंबडीनं उकरल्यासारखी. मग ती इतकी दमली की बसल्या बसल्या डोळा लागला.

आमच्याकडची हवा दमट. चौकटीतलं कापड संध्याकाळपर्यंत सैल पडतं, आणि ते ताणायला दोन हात लागतात. म्हणून तोमासा रोज दिवेलागणीला चौकट सोडवून आपल्या घरी न्यायची आणि सकाळी ताणून आणून द्यायची. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओळ सरळ होती.

अगदी सरळ नव्हती. तोमासा हुशार बाई. इथं जरा सैल, तिथं एक टाका कमी-जास्त. पण कोंबडी गायब झाली होती. सेर्व्हियाना चौकटीवर वाकली, मग लांब धरून बघितलं. “काल मला सगळं वाकडं दिसलं होतं,” ती म्हणाली.

“मलाही,” मी म्हटलं. पण जाळीतलं मला काय कळतं? मी बोलून मोकळी झाले आणि विसरले.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलं होतं, की उजव्या बाजूचं काही दिवस नीट दिसणार नाही, नजर फसवेल. तिनं त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला. हात ठीक आहे, डोळे दमतात. संध्याकाळी वाकडं दिसतं ते डोळ्यांचं पाप, सकाळी सरळ दिसतं तो हाताचा गुण. ती त्या दिवशी हसली. झटका आल्यापासून पहिल्यांदा, आणि तिरप्या तोंडानं का होईना, पोटातून हसली.

मग हे रोजचंच झालं. तिची ओळ, तोमासाची संध्याकाळ, आणि सकाळी जराशी सुधारलेली ओळ. सुनाही हात लावत असत, तिघी आळीपाळीनं. सेर्व्हियानाचा हात हळूहळू बरा होतोय असं दिसावं, इतक्या बेतानं त्या तिचं काम सुधारत नेत होत्या. मध्याकडून काठाकडं पाकळ्या नीट होत गेल्या, आणि शेवटच्या फेरीत टोकं चपटी, तिच्या हातची. गल्लीतल्या चार-पाच बायकांना हे माहीत होतं. कुणाला त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. आजारी बाईच्या चौकटीवर चार टाके घालणं म्हणजे आमच्याकडे पुण्य. मला तेवढं कुणी सांगितलं नाही.

वर्तुळ धुतलं, खळ दिली, कापून काढलं. सेर्व्हियानानं ते रुमालात बांधून आरोग्य केंद्रात नेलं. नोएलियानं ते उजेडात धरलं आणि तिचे डोळे भरून आले. खुंट्या अजून पडत होत्या, चिमटा अजून दाबला जात नव्हता. पण हे समोर होतं. ती म्हणाली, “इथं तुम्ही घाबरता मावशी. घरी तुमचा हात मोकळा होतो. मग घरीच करा, इथं यायचं कमी केलं तरी चालेल.” बाहेरच्या बाकावर माणसं दाटीवाटीनं बसलेली असायची. सेर्व्हियानाचे बरेचसे वार तिनं दुसऱ्या कुणाला दिले.

आणि सेर्व्हियाना सैलावली. मोजा लवकर उतरवू लागली. आरसा तिनं भिंतीकडं तोंड करून ठेवला. मुलाला फोनवर म्हणाली, “तुझ्या आईचा हात आलाय परत. सांग तुझ्या बायकोला, टेबलक्लॉथ मिळेल.” ओली माती वाळत होती आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो.

उन्हाळा सरता सरता डासांचा ताप आला. समोरच्या घरात तोमासा पडली, मागोमाग दोन्ही सुना. अंगणात चूल पेटेना. मी कढण नेऊन देत होते. सेर्व्हियानानं तेव्हा दुसरं वर्तुळ घेतलं होतं. चौकट आता कुणी न्यायला येत नव्हतं.

एका सकाळी भिंतीपलीकडून हाक आली. “लिंदा, इकडं ये. मला परत झटका आलाय.”

मी धावले. ती खुर्चीत सरळ बसली होती. तोंड वाकडं नाही, शब्द स्पष्ट. फक्त चेहरा पांढराफटक. तिनं डाव्या हातानं चौकट दाखवली. कालची ओळ वाकडी. परवाची वाकडी. दोऱ्यांचा नुसता गुंता. त्याच्या आतल्या तेवढ्या सरळ.

“काल वाटलं, डोळे दमलेत,” ती म्हणाली. “झोपून उठले. तरी तसंच. माझा हात गेला गं. आलेला हात गेला.”

मी तिला तसंच बसमध्ये घातलं. चौकट तिच्या मांडीवर. नोएलियानं हातातलं काम टाकून तिला तपासलं. मूठ, मनगट, खुंट्या, चिमटा. बऱ्याच वेळानं म्हणाली, “नवीन काही झालेलं नाही. हात होता तसाच आहे. जरासुद्धा बिघडला नाही.”

“मग हे काय?” सेर्व्हियानानं चौकट पुढं केली.

नोएलियानं चौकट बघितली. मग त्या फळीकडं बघितलं, जिच्यावर सेर्व्हियानाची एकही खुंटी कधी धड उभी राहिली नव्हती. आवाज एकदम उतरला. “मावशी, चौकट रोज कुठं असायची?”

“घरी. टेबलावर. संध्याकाळी बहीण नेते, कापड ताणायला.”

एवढं बोलून ती थांबली. मला कळायच्या आधी तिला कळलं. तिनं उजव्या हाताकडं बघितलं. त्याच्यावर राग नव्हता तिच्या डोळ्यांत. खोटी कौतुकं करून ज्याला गर्दीपुढं उभं केलं, त्या पोराकडं बघावं तसं बघितलं.

“उशीर झाला का?” तिनं विचारलं.

“मीही चुकले,” नोएलिया म्हणाली. “खुंट्या खरं सांगत होत्या आणि मी जाळीवर विश्वास ठेवला. पुन्हा रोज या. थोडं मिळेल. सुईचं मी कबूल करत नाही.”

परतीच्या बसमध्ये चिपावाली चढली. मी दोन घेतल्या. सेर्व्हियानानं तिची डाव्या हातात धरून ठेवली आणि घरी येईपर्यंत एक घास खाल्ला नाही. मला तोमासाचा गळा धरावासा वाटत होता. आणि ती तिकडं तापानं फणफणत होती, हेही आठवत होतं.

ताप उतरल्यावर तोमासा भिंतीला धरत धरत आली. तोंड पार उतरलेलं. मी तिथंच बसून मुळ्या निवडत होते, उठले नाही.

“बस,” सेर्व्हियाना म्हणाली. खणातून पहिलं वर्तुळ काढून तिनं टेबलावर ठेवलं. “यातली माझी ओळ कुठली?”

तोमासा खुर्चीच्या काठावर टेकली. “ताई, मी सांगणारच होते गं...”

“ते नको. ओळ दाखव. एक दाखव.”

तोमासानं वर्तुळ उचललं, डोळ्यांजवळ नेलं. मधल्या गाठीपासून नखानं एकेक फेरी तपासत काठाकडं निघाली. मीही वाकून बघत होते. माझ्यासारखीलाही वाकडा टाका दिसतो. एकही दिसला नाही. “इथं... मधे, पहिल्या दिवशीची थोडी ठेवली होती,” ती पुटपुटली. मग तिचं नख थांबलं. “नंतर तीही उसवली. शोभत नव्हती गं.”

“शोभत नव्हती.”

“तू सेर्व्हियाना आहेस! तुझ्या नावावर तसलं काम कसं ठेवू मी? आणि तू हसलीस त्या सकाळी. बघितलं होतंस का तुझं तोंड? त्यानंतर मी थांबणार कशी होते?”

सेर्व्हियानानं वर्तुळ तिच्याकडून काढून घेतलं. मग म्हणाली, “आरसा खोटा आहे, हे त्या पोरीनं मला आधी सांगितलं होतं.”

तोमासा रडायला लागली. आणि रडता रडता, देवाशपथ, तिचा हात आपोआप दुसऱ्या चौकटीकडं गेला. तिथं एक दोरा लोंबत होता. वर्षानुवर्षांची सवय, चिमटीत धरून ती तो ओढून नीट करायला निघाली.

तेवढ्यात सेर्व्हियानाचा उजवा हात खांद्यातून उचलला गेला आणि धप्पकन चौकटीवर पडला. बोटं मिटली नाहीत. तळवा तसाच, उघडा, त्या गुंत्यावर.

“हात लावू नकोस,” ती म्हणाली.

त्यानंतर ती रोज केंद्रात गेली. मोजा, आरसा, खुंट्या, सगळं मुकाट्यानं केलं. नोएलियानंही कसूर ठेवली नाही. आता तुंबडी हातात दिली तर ती धरून ठेवते, ओतायला जमत नाही. दाराची कडी निघते. बहिणीशी बोलते, तिचं आणलेलं खाते, वाईट असं काही बोलत नाही. सुई त्या हातात पुन्हा आली नाही.

दुसरं वर्तुळ अजून तिच्या टेबलावर चौकटीतच आहे, अर्धवट. गल्लीतल्या बायका येतात, टेकतात, बोलतात, उठून जातात. पावसाळ्यात कापड सैल पडून मधे लोंबायला लागलं, तरी कुणी ते ताणायला नेलं नाही.